भात कापून झालं की

पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका पतपेढीच्या मागच्या खोलीत सध्या दर रविवारी आठ-दहा जण जमतात. बॉयलरवर काम करणारे, निवृत्त फिटर, एक शाळेतला लिपिक. दिवाळीनंतर तीन नाटकं करायची, असं त्यांनी ठरवलं आहे: एक कामगारांच्या स्पर्धेसाठी, एक एकांकिका गावच्या जत्रेत, आणि तिसरं जुनं, ज्याच्याबद्दल पुढे सांगतो. मी वही घेऊन कोपऱ्यात बसतो. त्यांचं वेळापत्रक उतरवून घेताना मला प्रश्न पडला, की ही मंडळी दिवाळीनंतरचेच दिवस का धरतात? पावसाळ्यात का नाही, उन्हाळ्यात का नाही?

उत्तर शोधायला मी पार पूर्वेकडे, झाडीपट्टीत गेलो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा धानाचा मुलूख. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिथल्या नाटक कंपन्यांचं ठाणं. दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगावची मंडळं वडशाला येऊन नाटक ठरवतात. गावात मंडई भरते, शंकरपट असतो, पाहुणे येतात, आणि रात्रभर नाटक चालतं. होळीच्या सुमारास हंगाम मिटतो. शेतात काम नाही आणि हातात नुकतेच पैसे आले आहेत, अशा तीन-चार महिन्यांवर एक अख्खी रंगभूमी उभी आहे. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ती नव्याने दिसली. ती त्याआधी कित्येक पिढ्या तिथेच होती.

दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडण्यात, दशावताराचंही तेच. कार्तिकात जत्रा सुरू होतात, पेटारे बाहेर निघतात. रात्री राजा झालेला माणूस पावसाळ्यात नांगर धरतो. तिथलंही पीक भातच.

मग मला वाटलं, नागर नाटकाचं काय? विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो. चंद्राच्या कलांचा हिशोब मागे नेऊन पाहिला, तर त्या वर्षी दिवाळीची अमावास्या २३ ऑक्टोबरच्या आसपास येते. म्हणजे राजवाड्यातला तो प्रयोग दिवाळीनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ऐन कार्तिकात झाला. चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी असलेल्या भाव्यांना सुगीची वाट पाहायची काही गरज नव्हती. तरी दिवस तेच. यावरून सिद्धान्त मांडण्याइतका मी धीट नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देववत नाही.

पुढे सरकार आलं. १९५४च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याने हौशी नाट्यस्पर्धा सुरू केली. गेली कित्येक वर्षं तिची प्राथमिक फेरी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होते. संस्था हौशी, नट हौशी, तारीख मात्र सरकारी; आणि ती तारीखही सुगीनंतरचीच! या स्पर्धेने मराठी नाटकाला काय दिलं ते दोन डिसेंबरांवरून कळतं. डिसेंबर १९६७मध्ये ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं, ते स्पर्धेसाठी. आणि त्या नाटकातली माणसंही गावोगाव प्रयोग करत फिरणारी हौशी मंडळीच. डिसेंबर १९७२मध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पी.डी.ए.ने ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. ही दोन नाटकं इतिहासात राहिली. त्यांच्याबरोबर त्या त्या वर्षी जी इतर नाटकं झाली, ती शोधायला गेलं की हाती लागते फक्त निकालाची बातमी: नाटकाचं नाव, संस्थेचं नाव, बक्षीस.

इथे दशावतार जिंकतो. त्याची संवादांची वही नसतेच. आख्यान ठाऊक असतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं. त्यामुळे हरवण्यासारखं काही नसतं. आम्ही लिहून काढायला शिकलो आणि वही हरवून बसलो.

आता तिसऱ्या नाटकाकडे येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७०मध्ये सिडको. त्याआधी इथे डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरं होती आणि खाडीकडे मिठागरं. नव्वदच्या दशकात मी ज्या कारखान्यात होतो, तिथल्या एका आगरी सहकाऱ्याने यावर दोन अंकी नाटक लिहिलं. बाप मिठागरावर, थोरला कारखान्यात, धाकटा मोबदल्याच्या कागदांमागे. आम्ही ते कामगार स्पर्धेत केलं. मी त्यात तलाठी होतो, आणि वाईट होतो. एकच प्रयोग झाला. हाताने लिहिलेली संहिता करमणूक केंद्राच्या कपाटात राहिली; कारखाना बंद पडला तेव्हा कपाट भंगारात गेलं. लेखकही आता नाही.

पतपेढीच्या खोलीत सध्या चाललंय ते हे. ज्यांनी त्यात काम केलं त्यांतले चौघे हयात आहेत. प्रत्येकाला आपापली वाक्यं आठवतात आणि त्याआधीच्या माणसाचं शेवटचं वाक्य, कारण त्यावर आपण बोलायचं असतं. अशा जोडाजोडीतून पहिला अंक पुरा झाला. बापाचं काम केलेल्या गृहस्थांना तर सगळं तोंडपाठ आहे. फक्त ते दर वेळी थोडं निराळं बोलतात. धाकट्याचं काम करणारा मात्र राहिला नाही, आणि दुसऱ्या अंकातले दोन प्रवेश त्याचे एकट्याचे बापाशी आहेत. त्यांत आम्हाला फक्त बापाची उत्तरं मिळाली आहेत. धाकट्याने काय विचारलं असेल, ते त्या उत्तरांवरून ओळखून लिहायचं चाललं आहे.

तालमी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतील. या भागात आता कापायला भात नाही, म्हणून बॉयलरवाल्याची पाळी कधी बदलते ते पाहून तारीख धरली आहे.