पंगतीतली मनी

परवा बारशासाठी अकलूजला आजीकडे गेलो होतो. पानं वाढली आणि मनी पाटाशेजारी येऊन बसली. कुणी हाकललं नाही. उलट आजीने वाटीत दूधभात कालवला, "आधी हिला."

हा मान मिळाला कसा? तर धान्यामुळे. सायप्रसमध्ये सुमारे 9,500 वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडल्याचं 2004 साली प्रसिद्ध झालं. शेती आली, धान्य साठलं, उंदीर आले, मागोमाग मांजर. अकलूज आज उसाचं असलं तरी सोलापूर जिल्हा मूळचा ज्वारीचा. कणगी राखायची तर मांजर हवंच!

बारशाशीही तिचं नातं आहे. बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आपण सटवाई पुजतो. हे नाव षष्ठीवरून आलं, आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजर. बंगालमधल्या षष्ठीच्या कहाणीत धाकटी सून चोरून खाते आणि आळ घालते मांजरावर. मग तिची बाळं एकेक करून नाहीशी होतात. माफी मागितल्यावरच परत मिळतात.

मोठ्या ऐटीत हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग दिवाळीत सायीचा आळ हिच्यावर कुणी घातला व्हता रं?"

मी मुकाट्याने जिलेबी संपवली.