खरखर, संगणक-स्पीकरमधील (हैदराबाद)

संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून मूळ ध्वनीखेरीज ऐकू येणारा नकोसा आवाज. बोलीत या सगळ्याला सरसकट खरखर म्हणतात. दुरुस्ती करणारे मात्र सलग घुमणारी ‘हमिंग’, वाफ सुटल्यासारखी बारीक ‘हिस’ आणि तुटक, चरचरणारी खरी खरखर असे तीन प्रकार वेगळे धरतात. निदानाचा निम्मा भाग या फरकातच उरकतो. हैदराबादपुरते पाहिले तर दोष स्पीकरपेक्षा भूयोजनाकडे (अर्थिंग) अधिक वेळा बोट दाखवतो, असे प्रस्तुत नोंदीत गृहीत धरले आहे.

पूर्वपीठिका : निजामाच्या राज्यात १९३५ मध्ये डेक्कन रेडिओ सुरू झाला व १९५० मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाला. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवरची खरखर बरीचशी हवेतून येई. आभाळात वीज चमकली की ती आधी संचात ऐकू येई. संगणकाच्या स्पीकरमधली खरखर मुख्यतः तारांतून येते. संगणकही या शहराला नवा नाही : इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (१९६७) ही हैदराबादचीच संस्था. ‘टीडीसी-१२’ हा तिचा संगणक १९६९ चा. घरगुती संगणकाला बऱ्यापैकी आवाज आला तो साउंड ब्लास्टर (१९८९) सारख्या वेगळ्या कार्डांमुळे. १९९७ च्या एसी-९७ या मानकानंतर ध्वनिमंडल मदरबोर्डवरच बसू लागले, म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स आणि वीजपुरवठा यांच्या ऐन गर्दीत. माउस हलवला किंवा पान सरकवले की स्पीकरमध्ये किरकिर होते, ती या शेजारामुळे.

निदान : संगणकाकडून येणारी पिन काढून स्पीकर तेवढा चालू ठेवावा. आवाज तसाच राहिला तर दोष स्पीकरच्या पेटीत. थांबला तर संगणकात, तारेत किंवा दोघांच्या जोडणीत. मग व्हॉल्यूमचे बटण फिरवावे. बटणाबरोबर खरखर कमीजास्त झाली तर ती बटणाच्या आधी शिरते, न बदलली तर नंतरच्या ॲम्प्लिफायरमध्ये. फक्त बटण फिरवतानाच चरचर होत असेल तर आतल्या पॉटची (पोटेन्शिओमीटर) कार्बनपट्टी झिजली किंवा मळली आहे. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण दहावीस वेळा पुरते फिरवले की बहुधा भागते.

हमिंगचा सूर ओळखता आला तर आणखी सोपे. घरातली वीज ५० हर्ट्झची असते, पण पूर्ण-तरंग एकदिशकारकातून (ब्रिज रेक्टिफायर) बाहेर पडताना तिच्यातली लहर १०० हर्ट्झची होते. म्हणून ५० चा घुमार तारेतून किंवा भूवलयातून (पुढे पाहा) आलेला, तर १०० चा बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकल्याचा. हार्मोनियमवर सूर धरणाऱ्यांना १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, एवढे सांगणे पुरेसे आहे. कपॅसिटरचा माथा फुगला असेल तर मापनाची गरजच नाही. तापमान १० अंशांनी वाढले की विद्युत्-अपघटनी कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. चाळिशी ओलांडणाऱ्या हैदराबादी उन्हाळ्यात बंद पेटीतल्या कपॅसिटरचे काय होत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

जॅक : ३.५ मिमी पिनेच्या टोकावर डावी वाहिनी, मधल्या कड्यावर उजवी, बुडाशी सामाईक भूतार. भूतार तुटली की गायकाचा आवाज नाहीसा होऊन नुसता वाद्यवृंद उरतो. पुष्कळ लोक त्याला गाण्याच्या फाइलचा दोष समजतात.

भूयोजन : संगणकाच्या स्विच-मोड वीजपुरवठ्यात फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून भूतारेकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. भूतार खरोखर जमिनीला पोचत नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असतो, पण हाताला मुंग्या येतात, टेस्टर मिणमिणतो आणि स्पीकर गुरगुरतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर शांतता झाली तर दोष याच घरातला. उलट संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटांतून भूतारेला जोडलेले असतील तर दोन्ही भूबिंदूंमधल्या किंचित विभवांतरामुळे ध्वनितारेच्या आवरणातून प्रवाह वाहतो. हे भूवलय (ग्राउंड लूप). दोन्ही उपकरणे एकाच विस्तार-पट्टीवर लावणे हा पहिला उपाय, मध्ये १:१ ध्वनि-रोहित्र घालणे हा दुसरा. प्लगची जाड, लांब भूपिन कापून हमिंग घालवण्याचा प्रघात आहे. हमिंग जाते, पण बिघाड झाल्यास प्रवाह माणसातून वाट काढतो.

हैदराबाद सुमारे अडीच अब्ज वर्षे जुन्या ग्रॅनाइटवर वसले आहे. फुटाफुटावर कातळ लागतो आणि सुका कातळ वीज जवळजवळ वाहू देत नाही. भूयोजनाच्या भारतीय मानकात (आयएस ३०४३) जमिनीत पुरायची पट्टिका किमान ६०० × ६०० मिमी सांगितली आहे : तांब्याची असल्यास ३.१५ मिमी, जस्तलेपित लोखंडाची असल्यास ६.३ मिमी जाडीची, आणि वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. नळी किंवा सळई अडीच मीटर खोल जावी. आधीच खडक लागल्यास ती तिरपी घालता येते, मात्र उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलू नये. खड्ड्यात कोळसा व मीठ यांचे थर देऊन वरून पाणी घालण्याची जुनी रीत अजून चालते. हे पाणी घालायचे लक्षात कोणाच्या असते, हा वेगळा विषय. वैशाखात खड्डा कोरडा पडला की भूरोध वाढतो आणि पावसाळ्यात आपोआप उतरतो. फक्त उन्हाळ्यात गुरगुरणाऱ्या स्पीकरच्या बाबतीत पेटी उघडण्याआधी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे.

इतर उद्गम : मोबाइल जवळ ठेवल्यावर फोन वाजण्याआधी येणारी ‘टिर्र-टिर्र’ २ जी जीएसएमची. त्यात प्रक्षेपण ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटींत तुटक होते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा. फोन हातभर लांब ठेवावा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि चौकोनी तरंगाचा इन्व्हर्टर हेही बाधा आणतात. वीज गेल्यावरच घरघर वाढत असेल तर कारण उघड आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची तार मदरबोर्डला वळसा घालून येते, त्यामुळे मागचा हिरवा जॅक सहसा स्वच्छ असतो. पूर्ण आवाजावर कान लावल्यास ऐकू येणारी हिस थोडी तरी उरणारच; रोधातील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीने ती निर्माण होते, हे जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवले. महागड्या तारांनी फरक पडतो की नाही, याविषयी मतभेद आहेत.

सुटे भाग : कोठीच्या गुजराती गल्लीत कपॅसिटर, पॉट, पिना व आवरणयुक्त तारा मिळतात, साउंड कार्डे आणि तयार स्पीकर सिकंदराबादेत पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये.

सॉफ्टवेअर : माइकची वाहिनी म्यूट करावी, ड्रायव्हर नव्याने घालून पाहावा.