सह्याद्री कसा उभा राहिला, कसा झिजतो

कार्ल्याची लेणी पाहायला गेलो की पोरं विचारतात, हा डोंगर कुणी केला? कुणी देवाचं नाव घेतं, कुणी परशुरामाच्या बाणाची कथा सांगतं. आम्ही गिरणी कामगार, शाळा थोडीच झाली. पण वाचनालयात बसून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राची जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. आतला तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला, पुन्हा आला. घडीखात्यात तागे रचावेत तसे थरावर थर बसले. हाच आपला काळा कातळ, बेसॉल्ट. पुढे पश्चिमेची बाजू तुटली, खचली. पठाराची कड उंच राहिली आणि जमीन पूर्वेकडे कलली. म्हणून महाबळेश्वरची कृष्णा जवळचा अरबी समुद्र सोडून बंगालच्या उपसागराला मिळते. हिमालयाचं तसं नाही. तो दोन भूखंडांच्या टकरीतून वर आला आणि ती टक्कर अजून चालू आहे.

पण डोंगर उभा राहिला की झीजही सुरू होते. पावसाचं पाणी कातळाच्या फटीत शिरतं, दगड कुजतो, त्याची माती होते. विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन अशाच कातळाची. तिच्यात कापूस पिकला, त्याचं सूत आमच्या साच्यावर चढलं. म्हणजे या कातळाने आपल्यालाही भाकरी दिली. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी भिक्खूंसाठी लेणी कोरली, तीही याच कातळात.

हीच झीज जीवही घेते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्हीकडे आदिवासी, कष्टकरी माणसं होती. डोंगर झिजणं निसर्गाचं काम आहे. पण गरिबाला धोक्याच्या उतारावर राहावं लागतं, ते माणसांनी केलेलं आहे. मुंबईतल्या टेकड्यांवरही आपलीच माणसं राहतात.

तेव्हा मुलांना हे शिकवा. भर पावसात उताराला भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर नवस बोलत बसू नका. लेकरं-म्हातारी घेऊन आधी सुरक्षित जागी जा आणि शेजाऱ्यालाही हाक मारा. जिथे डोंगरसुद्धा कायमचा नाही, तिथे ही लाचारी तरी कायमची का मानायची? सुरक्षित घराची मागणी एकजुटीने केली पाहिजे.

जयभीम!