शिकारीचा टॅग आणि परराज्यातील शिकारी : अमेरिकेतील निवासी-अनिवासी भेदाचा एक आढावा

प्रस्तावना

भारतात १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन हौसेची शिकार करण्याचा मार्ग बंद झाला. त्याआधी, विशेषतः १९५० व १९६० च्या दशकांत, परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारताच्या जंगलांत घेऊन जाणाऱ्या शिकार कंपन्या होत्या. तंबू, गाड्या, हाकारे, स्वयंपाकी आणि वाटाडे यांची सर्व व्यवस्था त्या करीत असत. आपल्याकडे हा व्यवसाय इतिहासजमा झाला. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मात्र तो आजही चालतो आणि तेथे त्याला 'आउटफिटर' म्हणतात. या आउटफिटरचे, म्हणजे शिकार-आयोजकाचे, बहुतेक गिऱ्हाईक परराज्यातून येते. या गिऱ्हाइकाला शिकारीची परवानगी द्यायची की नाही, किती जणांना द्यायची आणि किती शुल्क घेऊन द्यायची, हे राज्य सरकार ठरवते. या अधिकारावरून गेली पन्नास वर्षे जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी संघराज्यातील नागरिकत्वाचा प्रश्न आहे. एका देशाचा नागरिक दुसऱ्या राज्यात गेला की तो किती प्रमाणात परका ठरतो, हा तो प्रश्न होय.

टॅग म्हणजे काय?

शिकारीचा परवाना आणि टॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना माणसाला मिळतो. टॅग हा एका विशिष्ट जनावरापुरता असतो. शिकार साधल्यावर तो टॅग त्या जनावराला लावावा लागतो. एका टॅगवर एकच जनावर मारता येत असल्याने टॅगची संख्या ठरवली की त्या हंगामात जास्तीत जास्त किती जनावरे मारली जातील हेही ठरते. मागणी अधिक आणि टॅग कमी अशी स्थिती असेल तेथे सोडत काढली जाते. अनेक राज्यांत सोडतीत नाव न लागलेल्या अर्जदाराला एक गुण मिळतो आणि पुढील वर्षी त्याची संधी थोडी वाढते. एल्क हे सांबराच्या कुळातील मोठे हरीण. त्याच्या चांगल्या नराच्या टॅगसाठी लोक अनेक वर्षे गुण साठवत बसतात.

आयोजकाच्या दृष्टीने ही सोडत फार महत्त्वाची असते. घोडे-खेचरे वर्षभर पोसावी लागतात, राष्ट्रीय वनात व्यवसाय करायचा तर संघीय वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, नोकरमाणसे आधीपासून ठरवावी लागतात. गिऱ्हाइकाचे नाव सोडतीत आले नाही तर हा सर्व खर्च अंगावर येतो. त्यामुळे अनिवासींचा कोटा काही टक्क्यांनी कमी-जास्त झाला की त्याचा परिणाम थेट आयोजकाच्या उत्पन्नावर होतो.

वन्यप्राण्यावर मालकी कोणाची?

इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क राजा आणि जमीनदार वर्ग यांच्या हाती होता. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेत असा विचार रुजला की, राजाचा हा हक्क आता प्रत्येक राज्यातील जनतेकडे आला असून राज्य सरकार जनतेच्या वतीने वन्यप्राण्यांचे विश्वस्त आहे. १८९६ साली 'गीर विरुद्ध कनेक्टिकट' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विचाराला मान्यता दिली. पुढे १९०० साली लेसी कायदा झाला आणि एका राज्यात बेकायदा मारलेले प्राणी दुसऱ्या राज्यात नेणे हा संघीय गुन्हा ठरला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील ११ टक्के कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीवकार्यासाठी राखून ठेवले. हा निधी वाटताना राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर तेथील परवानाधारक शिकाऱ्यांची संख्याही विचारात घेतली जाते. परवाना शुल्काचा पैसा अन्यत्र वळवणार नाही, अशी हमी राज्यांना द्यावी लागली. अशा रीतीने वन्यजीव खात्यांचा खर्च मोठ्या प्रमाणावर शिकाऱ्यांच्या पैशावर चालू लागला आणि त्यात परराज्यातील शिकाऱ्याचे जादा शुल्क हा मोलाचा भाग ठरला.

यात एक विसंगती होती. प्राणी राज्याच्या ताब्यात असले तरी ते ज्या जमिनीवर चरतात त्यातील बरीचशी जमीन संघ सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची, आहे. नेवाडातील सुमारे ८० टक्के आणि वायोमिंगमधील जवळजवळ निम्मी जमीन संघ सरकारच्या मालकीची आहे. त्या जमिनीवर मिनेसोटाचा नागरिक मुक्तपणे हिंडू शकतो, तंबू ठोकू शकतो. परंतु तेथील हरणावर त्याचा हक्क तेथील रहिवाशाइतका नाही.

१९७८ : मोंटाना

ही विसंगती न्यायालयापुढे आणण्यात एका आयोजकाचाच पुढाकार होता. १९७० पर्यंतच्या दहा वर्षांत मोंटानात मोठ्या शिकारीचे परवाने घेणाऱ्या रहिवाशांची संख्या सुमारे ६७ टक्क्यांनी वाढली, तर अनिवासींची सुमारे ५३० टक्क्यांनी. राज्याने शुल्क वाढवले. १९७६ साली रहिवाशाला फक्त एल्कचा परवाना ९ डॉलरमध्ये मिळत होता. अनिवासीला मात्र एल्कच्या शिकारीसाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे, म्हणजे पंचवीस पट रक्कम मोजावी लागे. मोंटानातील बाल्डविन नावाचे शिकार-आयोजक आणि मिनेसोटातील काही शिकारी यांनी याविरुद्ध दाद मागितली. एका राज्याच्या नागरिकांना दुसऱ्या राज्यात तेथील नागरिकांचे विशेषाधिकार मिळावेत, हे राज्यघटनेचे कलम हा त्यांचा मुख्य आधार होता.

सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांचा दावा फेटाळला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचे सूत्र असे होते की, हे कलम राष्ट्राच्या ऐक्याला आवश्यक अशा मूलभूत हक्कांचे रक्षण करते. हौसेखातर एल्क मारणे हा त्या प्रकारचा हक्क नाही. १९४८ साली याच न्यायालयाने दक्षिण कॅरोलिनातील कोळंबी पकडणाऱ्या परराज्यातील बोटींवरचे २,५०० डॉलरचे शुल्क रद्द केले होते. रहिवाशांच्या बोटींना ते २५ डॉलर होते. तेथे उपजीविकेचा प्रश्न होता, येथे हौसेचा, असा भेद न्यायालयाने केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दोन सहकाऱ्यांसह विरोधी मत नोंदवले.

या भेदामुळे आयोजकाची अवस्था चमत्कारिक झाली. गिऱ्हाइकासाठी शिकार ही हौस असली तरी आयोजकाची ती रोजीरोटी होती. त्याची रोजी गिऱ्हाइकाच्या हौसेवर अवलंबून असल्याने हौसेला संरक्षण नाकारले गेले तेव्हा त्याच्या रोजीचेही संरक्षण गेले.

अ‍ॅरिझोना आणि २००५ चा कायदा

१९७९ साली 'ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९६ चा 'गीर' निर्णय रद्द केला. वन्यप्राण्यावर राज्याची मालकी हे कायदेशीर कल्पित आहे आणि आंतरराज्य व्यापाराचे नियम येथेही लागू होतात, असे ठरले. या वाटेने पुढे न्यू मेक्सिकोतील व्यावसायिक शिकारमार्गदर्शकांनी अ‍ॅरिझोनाला आव्हान दिले. अ‍ॅरिझोनात नर एल्कचे, तसेच कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील शिंगवाल्या हरणांचे, १० टक्क्यांपेक्षा अधिक टॅग अनिवासींना दिले जात नसत. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, ते शिंगे व कातडी यांचा व्यापार करतात, म्हणून ही मर्यादा व्यापारावरील बंधन आहे. २००२ साली नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा मुद्दा ग्राह्य धरला आणि भेदभाव न करता तोच हेतू साधता येतो का, हे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने या मर्यादेला मनाई केली.

यामुळे रहिवासी शिकाऱ्यांत असंतोष पसरला आणि इतर राज्येही अस्वस्थ झाली. मे २००५ मध्ये संसदेने एका खर्चविषयक कायद्यात तरतूद घालून शिकार व मासेमारीत निवासी-अनिवासी भेद करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट शब्दांत मान्य केला. व्यापारविषयक अधिकार मुळात संसदेचा असल्याने न्यायालयातून मिळालेली सवलत तिच्या एका तरतुदीने संपली.

आयोजकांच्या दोन वाटा

यानंतर आयोजकांपुढे राज्य विधिमंडळाचे दार उरले. काही राज्यांनी त्यांना अनुकूल नियम केले. वायोमिंगमध्ये संरक्षित निर्जन वनक्षेत्रात मोठी शिकार करायची तर अनिवासीला परवानाधारक मार्गदर्शक किंवा स्थानिक रहिवासी सोबत्याशिवाय जाता येत नाही; नुसते भटकायला मात्र तो एकटा जाऊ शकतो. न्यू मेक्सिकोत सोडतीचे ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आयोजकाशी करार केलेल्यांना आणि उरलेले ६ टक्के आयोजकाविना येणाऱ्या अनिवासींना, अशी वाटणी आहे. या नियमांत आयोजकाला काम मिळते, पण बेताच्या ऐपतीच्या परराज्यातील शिकाऱ्याची वाट अरुंद होते.

मोंटानाचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे आयोजकामार्फत येणाऱ्या अनिवासींसाठी ५,५०० परवाने राखीव होते. नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी सार्वमताने ही तरतूद रद्द केली, ते परवाने सर्वसाधारण सोडतीत घातले आणि अनिवासींच्या एकत्रित परवान्याचे शुल्क ६२८ वरून ८९७ डॉलर केले. श्रीमंत गिऱ्हाईक आणि आयोजक मिळून खासगी जमिनी भाड्याने घेतात व स्थानिकांना तेथून बाहेर ठेवतात, ही रहिवाशांची तक्रार या मतदानामागे होती. आयोजकांना आपल्या हंगामाची शाश्वती गेल्याची खंत होती. २०११ साली सोडतीनंतरही काही परवाने शिल्लक राहिले. जादा शुल्क देणारा अनिवासी वाटेल तितका भार सोसेलच असे नाही, हे त्यातून दिसले.

भारतीय संदर्भात

निवासी-अनिवासी भेदाचा हाच तर्क भारतीय न्यायालयांपुढे शिक्षणाच्या संदर्भात आला आहे. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना ती भरावी लागे. 'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत' या १९५५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा भेद वैध ठरवला. घटनेत जन्मस्थानावरून भेदभावास मनाई आहे, निवासावरून नाही, असे कारण दिले. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात मात्र निवासाधारित प्रवेशांना मर्यादा घातली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील असे आरक्षण घटनाबाह्य ठरले. मोंटाना आणि इंदूर या दोन्ही ठिकाणी राज्याचा युक्तिवाद सारखाच होता : खर्चाचा भार आमच्या लोकांनी उचलला आहे, म्हणून पहिला हक्क त्यांचा.

निष्कर्ष

टॅगच्या नियमांमुळे मारल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या संख्येवर नियंत्रण राहिले आणि स्थानिकांना आपल्या जंगलातील शिकारीचा वाटा मिळत राहिला, हे मान्य करावे लागते. पण ती संख्या एकदा ठरली की तिची वाटणी कशी करायची, हा राजकारणाचा विषय होतो. त्या राजकारणात अनिवासी शिकारी जास्त पैसे देतो, पण त्याला तेथे मत नाही. आयोजकाला मत आहे, पण त्याचे गिऱ्हाईक बिनमताचे असल्याने शेजारीच त्याच्याकडे संशयाने पाहतात. १९७८ च्या निकालाने दोघांनाही राज्याच्या मर्जीवर सोडले, २००२ च्या निकालाने थोडा आधार दिला आणि २००५ च्या कायद्याने तो काढून घेतला. तेव्हापासून परराज्यातील शिकाऱ्याला मिळणारा टॅग ही त्या राज्याने दिलेली सवलत राहिली आहे आणि आयोजकाचा धंदा त्या सवलतीवर उभा आहे.