विचारपूस

'विचारपूस' हा शब्द उघडला की आत एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसलेले सापडतात. विचारणे म्हणजे प्रश्न करणे आणि पुसणे म्हणजेही प्रश्न करणे. कागदपत्र, बाजारहाट यांच्या जातीची ही जोडी. फरक इतकाच, की त्या जोड्यांत एक घटक फारसीच्या वाटेने आलेला आहे आणि इथे दोन्ही घरचेच. 'विचार' संस्कृतातून होता तसा उचललेला, तर 'पूस' प्राकृतात झिजून आलेली.

आधी या पुशीचे पाहू. संस्कृत प्रच्छ् धातूचे पृच्छति, प्राकृतात पुच्छइ आणि मराठीत पुसणे. पृच्छा आणि प्रश्न हेही त्याच घरचे. ज्ञानेश्वरीच्या काळात आणि महानुभावांच्या गद्यात पुसणे म्हणजे सरळ विचारणेच. मग ते मागे का पडले? मराठीत दुसरेही एक 'पुसणे' होते, संस्कृत प्रोञ्छ् पासून निघालेले, फडक्याने पुसायचे. दोन निराळे धातू झिजत झिजत एकाच रूपाला आले, तेव्हा एकाला जागा सोडावी लागली असावी. 'त्याला कोण पुसतो?' यासारख्या वाक्प्रचारात आणि विचारपुशीत मात्र जुने पुसणे टिकून राहिले.

फारसीतला पुरसीदन, म्हणजे विचारणे, हाही याच प्राचीन कुळातला. नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि त्या उर्दूत आजाऱ्याच्या समाचाराला याच पुरसीदनवरून झालेला 'मिजाजपुर्सी' हा शब्द आहे. तिच्यातली 'पुर्सी' आणि आपली 'पूस' या चुलत बहिणी ठरतात. 'मिजाज' अरबी, मूळ अर्थ मिश्रण. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांचे शरीरातले मिश्रण कसे आहे, ही युनानी हकिमाची चौकशी. मराठीत हाच शब्द 'मिजास' होऊन ताठ्याच्या अर्थाने रुळला, ही त्याची वेगळीच गंमत. 'तब्येत'चेही तसेच. अरबी तबीअत म्हणजे स्वभाव, निसर्ग. संस्कृत 'प्रकृती'चाही अर्थ तोच. दोन वेगळ्या भाषांतले दोन शब्द मराठीत येऊन एकाच खाटेपाशी उभे राहिले: 'तब्येत कशी आहे?' आणि 'प्रकृती कशी आहे?'

आता 'विचार'. वि + चर्, म्हणजे इकडेतिकडे हिंडणे. मनाने हिंडणे म्हणजे चिंतन, आणि त्यावरून तपासून पाहणे. हिंदीत विचारना म्हणजे मनात घोळवणे एवढेच राहिले; मराठीने मात्र विचार 'करणे' आणि नुसते 'विचारणे' यांची वाटणी करून टाकली, एक आतले आणि एक बाहेरचे. मराठवाड्याच्या सीमेवर याहून जास्त मजा आहे. कन्नडमध्ये विचारिसु म्हणजे चौकशी करणे, आपल्यासारखेच. तेलुगूत 'विचारण' म्हणजे चौकशी, पण 'विचारम्' म्हणजे दुःख! देगलूर-धर्माबादकडच्या तेलुगूभाषक बाईला 'फार विचार करू नका' असे सांगितले तर तिला ते 'दुःख करू नका' असे ऐकू येत असावे, आणि बहुतेक वेळा तेच सांगायचे असते.

याच चर् धातूने दवाखाना भरून गेला आहे. उप + चर्, जवळ जाणे, त्यातून उपचार. परि + चर्, भोवती वावरणे, त्यातून परिचर्या आणि परिचारिका. खुद्द चरकाचे नावही या धातूशी जोडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. त्याचे गुणही चार: उपचाराची जाण, दक्षता, रोग्याविषयी ममता आणि स्वच्छता. संस्कृत नाटकांत परिचारिका ही राजवाड्यातली दासी असते. म्हणूनच की काय, महाराष्ट्र सरकारने स्टाफ नर्सला 'अधि' लावून अधिपरिचारिका केले, तिच्यावर परिसेविका आणि त्यांच्यावर अधिसेविका. वॉर्डात मात्र या तिन्ही 'सिस्टर'.

या सिस्टरचे काम आता नुसते भोवती वावरण्याचे राहिलेले नाही. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षतेसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. २०१८पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांत परिचर्येचे पदवीधरही असतात. म्हणजे पहिला प्रश्न विचारणारी आणि पहिला हात लावणारी व्यक्ती पुष्कळदा तीच. वाग्भटाने रोगीपरीक्षेचा क्रम दर्शन, स्पर्शन, प्रश्न असा लावला. आजच्या शिक्षणात प्रश्न पहिला. 'परीक्षा' म्हणजे परि + ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणे. 'परि' इथेही आहेच. नाडीचेही एक सांगायला हवे. नाडी म्हणजे मुळात नळी, देठ. पण जुन्या कालगणनेत नाडी हे चोवीस मिनिटांचे मापही होते. जलघटिकेच्या नळीवरून ते नाव पडले असावे. मनगटाची नाडी घड्याळाकडे बघत मोजणाऱ्या सिस्टरच्या हाती एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच लागतात.

पण विचारायचे कसे? लातूर-उदगीरच्या वॉर्डात 'काय होऊलालंय, माय?' असे विचारले की उत्तर येते, 'पोट दुखूलालंय, बाई.' हे दुखूलालंय म्हणजे 'दुखू लागलंय' आटून झालेले रूप दिसते. पुण्याकडे दुखू लागले म्हणजे नुकतेच सुरू झाले. इथे तेच रूप चालू क्रियेचे झाले आहे, मग ती सकाळपासूनची असो की तीन महिन्यांपासूनची. बाहेरून बदलून आलेली सिस्टर केसपेपरवर 'आजपासून' लिहून मोकळी होईल. 'कधीपासून?' हा पुढचा प्रश्न मराठवाड्यात नुसत्या अर्थासाठी नव्हे, व्याकरणासाठीही लागतो.

तसेच 'अंगावर'चे. दुखणे अंगावर काढले म्हणजे दवाखान्यात न दाखवता सोसले. अंगावर जातंय म्हणजे स्राव होतोय. अंगावर पितंय ते तान्हे मूल. अंगावर उठलंय म्हणजे पुरळ किंवा गांधी. चारही ठिकाणी अर्थ शेवटच्या क्रियापदात आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, तेव्हा बाईचे वाक्य मध्येच तोडणाऱ्याला नेमके दुखणेच ऐकू येत नाही. निलंगा-उदगीरच्या पलीकडची कन्नड या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी म्हणायला हवी. तिच्यात 'केळु' म्हणजे विचार, आणि 'केळु' म्हणजेच ऐक. तेलुगूत विचारणे म्हणजे अडुगु, आणि अडुगु म्हणजे पाऊलही. आपल्या चर् शी हा निव्वळ योगायोग असावा, पण सोडवत नाही.

केसपेपरवरचे बाकीचे शब्दही दुरून आलेले. 'तक्रार' अरबी, मूळ अर्थ पुनरुक्ती. तेच ते पुन्हा सांगणाऱ्या रोग्याला कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. 'जुलाब' तर गुलाबच. फारसी गुल + आब, गुलाबपाणी, ते अरबीत जुलाब झाले, औषधी सरबत ठरले, तिकडे इंग्रजीत ज्यूलेप झाले आणि इकडे मराठीत रेचक होऊन शेवटी थेट हगवणीच्या जागी येऊन बसले. 'रुग्ण' म्हणजे रुज् धातूवरून मोडलेला, भंगलेला. आणि सगळे जण 'हिस्टरी घेतात', ती ग्रीक हिस्तोरिआ, अर्थ चौकशी. तिचे मूळ जाणणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत आहे, तोच संस्कृतात विद्. विद् वरून वेद, विद् वरूनच वेदना, आणि वेदनेचे झिजून प्रसूतिगृहातल्या 'वेणा'. हिस्टरी आणि वेणा एकाच मुळाच्या आहेत, हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मी कोश मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

एवढे शब्द हाताशी असताना पेशंट इंटरव्ह्यूचे मराठी करायला बसलेला माणूस हमखास 'रुग्णाची मुलाखत' लिहितो. मुलाखत मूळ अरबी, अर्थ भेट. बखरींत ती सरदारांची होते, तुरुंगात कैद्याची आणि वर्तमानपत्रात पुढाऱ्याची. नोकरीसाठीही द्यावी लागते आणि तिथे नापास होता येते. पोटात कळ आलेल्या बाईने मुलाखत काय म्हणून द्यावी? 'इतिहास घेणे'ही तितकेच ओढूनताणून आणलेले. माझ्या मते परिचर्येच्या मराठी पुस्तकांत 'विचारपूस' हीच संज्ञा असावी. ती घरगुती वाटते हा आक्षेप येईल, पण 'तपासणी' कुठे घरगुती नव्हती? तीही बहुधा अरबी तफह्हुस, म्हणजे कसून शोध, यावरून आलेली दिसते आणि आज पक्की शास्त्रीय समजली जाते.

विचारण्याच्या अर्थाने 'पुसणे' अजून कोणाच्या रोजच्या बोलण्यात आहे का, हे किनवट, माहूर आणि औसा-निलंग्याकडच्या वाचकांनी कळवावे. वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांनी तर दुखण्याचे शब्द जसे ऐकले तसेच, क्रियापदासकट, लिहून पाठवावेत.