बी नसलेल्या झाडाचा प्रवास

कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या परसात नीरफणस आहे, त्यांनी फळ चिरताना एक गोष्ट पाहिलीच असेल. हा आपल्या फणसाचा भाऊबंद, पण याच्यात आठळ्या नसतात. काही घरांत याला विलायती फणस म्हणतात. मीठ-मसाला लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेली त्याची कापं म्हणजे पावसाळ्यातली चैन! पण मंडळी, आज पाककृती नाही, इतिहास सांगायचा आहे.

बी नाही म्हणजे हे झाड पक्ष्याच्या पोटातून किंवा ओढ्याच्या पाण्यातून कुठे जाऊ शकत नाही. ते जिथे दिसेल तिथे कोणीतरी माणसाने हाताने नेलेलं असतं. त्याचं मूळ घराणं न्यू गिनीच्या बाजूचं. फार पूर्वी तिकडच्या दर्यावर्दी लोकांनी त्याचे फुटवे होड्यांतून बेटामागून बेट करत पार ताहितीपर्यंत पोचवले. आपण बिऱ्हाड हलवताना तुळस नेतो ना, तसंच.

1769 मध्ये कॅप्टन कुकबरोबर ताहितीला गेलेल्या जोसेफ बँक्सने हे झाड पाहिलं. पुढे त्याला वेगळंच काम लागलं. कॅरिबियन बेटांवर इंग्रजांचे उसाचे मळे होते आणि ते पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे तिकडून येणारं धान्य आटलं, त्यात वादळं झाली आणि जमैकात हजारो गुलाम उपासमारीने मेले. मळेवाल्यांना स्वस्तातलं अन्न हवं होतं. म्हणून डिसेंबर 1787 मध्ये कॅप्टन ब्लाय ‘बाउंटी’ जहाज घेऊन निघाला. जहाजावरची सर्वांत मोठी खोली कुंड्यांसाठी ठेवली होती. ताहितीहून 1015 रोपं घेतली. पण 28 एप्रिल 1789 ला खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात फेकली. ब्लाय अठरा जणांसह उघड्या होडीतून तिमोरला पोचला, 1791 मध्ये पुन्हा निघाला आणि 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात रोपं उतरवलीच. या दुसऱ्या सफरीत पाणी कमी पडलं तेव्हा आधी रोपांना मिळालं, खलाशांना मोजून.

बंडाच्या गोष्टीवर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. रोपं कोणासाठी चालली होती, हे मात्र एका वाक्यात उरकलं जातं. ज्यांच्या तोंडी हा घास द्यायचा, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना तो सुरुवातीला आवडलाही नाही, बराचसा डुकरांना गेला. पुढे 1834 मध्ये गुलामी बंद करणारा कायदा लागू झाला, 1838 मध्ये माणसं खरोखर मोकळी झाली. तोवर झाड त्यांच्या दाराशी रुजलं होतं. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी हे सेंट व्हिन्सेंटचं राष्ट्रीय खाणं आहे. मालकाने लादलेलं झाड लोकांनी आपलं केलं, हा मला बंडापेक्षा मोठा इतिहास वाटतो.

आता लावायचं कसं? जमिनीलगतचं बोटाएवढं जाड मूळ शोधून त्याला हलकी जखम करावी, तिथून फुटवा येतो. किंवा मुळाचे वीतभर तुकडे वाळू-मातीत आडवे पुरून सावलीत ठेवावेत आणि ओल टिकवावी. पानं आली, स्वतःची मुळं धरली, की पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत लावावं. घराच्या भिंतीपासून लांब लावा, झाड मोठं होतं. पाच-सहा वर्षांत फळ धरतं.

एवढं झाल्यावर शेजारी फुटवा मागायला येतीलच. नाही म्हणू नका. या झाडाला दुसऱ्या अंगणात जायला तेवढी एकच वाट आहे.