विखुरलेल्या नोंदींची जुळणी : परळमधील कर्करोग नोंदणी आणि संमिश्र संगणक-उपयोजनांचा पूर्वेतिहास

मोठ्या संस्थेतील कर्मचाऱ्यांनी संगणक विभागाच्या सवडीची वाट न पाहता, निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र आणून आपल्या कामापुरते उपयोजन स्वतःच रचावे, ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'मॅशअप' या नावाने पुढे आली. पॉल रेडमाकर या प्रोग्रामरने २००५ मध्ये क्रेगलिस्टवरील घरांच्या जाहिराती गुगलच्या नकाशावर मांडल्या. त्यानंतर २००७ मध्ये याहू पाइप्स व मायक्रोसॉफ्टचे पॉपफ्लाय, तर २००८ मध्ये खास मोठ्या उद्योगांसाठी आयबीएमचे मॅशअप सेंटर अवतरले. या कल्पनेची पूर्वपीठिका सांगताना बहुधा १९७९ च्या व्हिजिकॅल्कपर्यंत, म्हणजे पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटपर्यंत मागे जाण्याचा प्रघात आहे. परंतु हा झाला साधनांचा इतिहास. ज्या गरजेतून ही साधने निर्माण झाली तिचा इतिहास पाहावयाचा असल्यास मुंबईतील परळ हे उपयुक्त स्थळ ठरते.

गिरणगावाचा भाग म्हणून परळची जी ओळख आहे, तिच्याइतकीच रुग्णालयांचा परिसर ही त्याची ओळख जुनी आहे. १९२६ मध्ये महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय येथे सुरू झाले. कामगार विमा योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालयही याच परिसरात आहे. ही रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी प्रशासनाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर होते. एक महानगरपालिकेचे, दुसरे न्यासाचे, तिसरे राज्य शासनाच्या यंत्रणेतील, तर टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत. प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, क्रमांक देण्याची रीत वेगळी. एकच रुग्ण निदानासाठी एका रुग्णालयात, शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्यात आणि किरणोपचारासाठी तिसऱ्यात गेला, तर कागदोपत्री त्याचे तीन रुग्ण होत.

इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दरब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हा हीच अडचण तिच्यापुढे होती. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी होय. परळच्या भोईवाड्यातील जेरबाई वाडिया मार्गावरील कार्यालयातून तिचे काम दीर्घकाळ चालले. कर्करोगाचा रुग्ण आढळल्यास तसे कळविण्याचे कायदेशीर बंधन रुग्णालयांवर नव्हते. त्यामुळे नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जात आणि केसपेपर व पॅथॉलॉजीच्या अहवालांतून आवश्यक तेवढी माहिती ठराविक नमुन्याच्या पत्रकावर उतरवून घेत. महानगरपालिकेच्या मृत्युनोंदींशीही ही माहिती ताडून पाहिली जाई. कोणत्याही रुग्णालयाची मूळ व्यवस्था न बदलता, तिच्या बाहेर उभे राहून, अनेक स्रोतांतून एक नवे चित्र तयार करावयाचे, हे संमिश्र उपयोजनाचे तत्त्व येथे संगणकाविना आचरणात आले होते.

मात्र नोंदी गोळा करणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग होता; खरा कस लागे तो जुळणीत. नावांचे रोमन लेखन जागोजाग बदले, वय अंदाजाने सांगितले जाई, पत्ता चाळीचा तर कधी नातेवाइकाचा असे. म्हणून नाव, वय, लिंग, पत्ता आणि रोगाचे स्थान या सर्वांची पडताळणी करूनच दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत किंवा नाहीत हे ठरवावे लागे. शिवाय टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येत असल्याने रुग्णालयातील संख्या ही शहराची संख्या मानता येत नव्हती. नोंदणीक्षेत्रात किमान एक वर्ष वास्तव्य ही अट त्यासाठीच आहे. दोन याद्या एकत्र करण्यापूर्वी 'मुंबईचा रहिवासी कोण' या प्रश्नाचे उत्तर निश्चित करावे लागते, आणि ते उत्तर कोणतेही यंत्र आपणहून देत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली १ जानेवारी १९८२ पासून मुंबई, बंगळूर व मद्रास येथे समान पद्धतीने माहिती संकलित होऊ लागली. (त्याच महिन्यात, १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. परळमधील वास्तव्याचे पत्ते पुढील काळात किती अस्थिर झाले असतील याची कल्पना यावरून यावी.) या कार्यक्रमाचे पुढचे पाऊल विशेष लक्षणीय आहे. २००१ मध्ये परिषदेने भारताच्या कर्करोग-नकाशासंग्रहाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात देशातील अनेक रुग्णालयांचे पॅथॉलॉजी विभाग निदान झालेल्या रुग्णांची मोजकी माहिती थेट इंटरनेटवरून पाठवीत. अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे मॅशअपचा गाजावाजा होण्यापूर्वीच. माहिती भरणारा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकीच होता. परंतु रकाने, संकेतांक व तपासणीचे नियम समन्वय केंद्राने ठरविलेले होते. मॅशअपच्या पुरस्कर्त्यांनी वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यावर जेवढा भर दिला, तेवढा या दुसऱ्या बाजूवर दिला नाही, असे म्हणणे भाग आहे.

या दुर्लक्षाची किंमत किती असू शकते, हे ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसले. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये ओतले जात होते. त्या स्वरूपाच्या पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. परिणामी १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबणीवर पडला. फाइल भरली आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण ते पाहण्याची जबाबदारी कोणाची हेच निश्चित नव्हते असे दिसते.

दरम्यान मॅशअपची पहिली पिढी अस्तंगत झाली. पॉपफ्लाय २००९ मध्ये, तर याहू पाइप्स २०१५ मध्ये बंद पडले. त्यांवर रचलेली उपयोजनेही त्यांच्यासोबत गेली. कल्पना मात्र 'लो-कोड' या नावाने टिकली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉवर अ‍ॅप्स सर्वांसाठी खुले झाल्यावर तिला पुन्हा बळ मिळाले. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी जोडण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न तांत्रिक न राहता कायदेशीर झाला आहे.

कर्करोग नोंदणीच्या अहवालांत एक तक्ता नियमाने असतो. एकूण रुग्णांपैकी कितींचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाले आणि किती जणांची माहिती केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून मिळाली, याचे प्रमाण त्यात दिलेले असते. दुसरे प्रमाण वाढले की रुग्ण जिवंत असताना नोंदणीच्या दृष्टीतून निसटत आहेत, हे वाचकाला आकड्यांसोबतच कळते. कार्यालयांतून हौसेने रचल्या जाणाऱ्या संमिश्र उपयोजनांच्या पडद्यावर असा रकाना क्वचितच आढळतो.